गावच्या डॉक्टरांच्या नावाने मेडिकल कॉलेजात अध्यासन सुरू करायचंय? मग हे वाचा

कोकणात प्रत्येक पंचक्रोशीत एखादे तरी डॉक्टर असे होऊन गेलेत की त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं अजून हात जोडतात. रात्री-अपरात्री होडीने खाडी ओलांडून गेलेले, फी म्हणून कधी तांदूळ तर कधी काजूगर घेतलेले. ते गेल्यावर गावात शोकसभा होते, मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळ आणि ग्रामस्थ मिळून त्यांच्या नावाने काहीतरी करूया म्हणतात आणि शेवटी उभी राहते ती कमान नाहीतर एसटी स्टॉपची शेड. मला मनापासून वाटतं की तेवढीच धडपड करायची तर अध्यासनासाठी करा, कारण आता डेरवणला वालावलकर मेडिकल कॉलेज आहे, अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात सरकारी कॉलेजं आलीत, म्हणजे आपल्याच मुलांना आपल्याच डॉक्टरांच्या नावाने शिकवता येईल.

अध्यासन म्हणजे लोक ज्याला चेअर म्हणतात ते. मोठी रक्कम कायम निधी म्हणून ठेवायची, तिला हात लावायचा नाही, फक्त व्याजातून प्राध्यापकाचा पगार किंवा संशोधनाचा खर्च करायचा, म्हणजे नारळ काढायचे पण माड तोडायचा नाही. आणि जो कोणी त्या पदावर येईल त्याच्या हुद्द्याला ते नाव लागतं. ही पद्धत जुनी आहे, अमेरिकेत एझिकिएल हर्सी नावाचे डॉक्टर १७७० मध्ये वारले तेव्हा त्यांनी शरीररचना आणि वैद्यकाच्या प्राध्यापकासाठी हार्वर्डला पैसे ठेवले, तिथलं मेडिकल स्कूल निघालं १७८२ मध्ये, म्हणजे कॉलेजच्या आधी पदाची सोय झाली होती!

पहिलं काम पैसे जमवायचं नाही, विषय ठरवायचं. बहुतेक मंडळी इथेच घाई करतात. नुसतं "अमुक डॉक्टर अध्यासन, मेडिसिन" असं ठेवलंत तर दहा वर्षांनी ते नाव फक्त दारावरच्या पाटीवर उरेल. तुमच्या डॉक्टरांनी आयुष्यभर नक्की काय केलं ते बघा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम सगळ्यांना माहितीच आहे, लाल विंचू चावला की कोकणात पोरं दगावायची, फुफ्फुसात पाणी व्हायचं, त्यांनी असे पेशंट रात्रभर जवळ बसून पाहिले, नोंदी ठेवल्या, ब्लडप्रेशरचं प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांचे निबंध लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे सगळं तालुक्याच्या गावात बसून केलेलं काम आहे. असं काम पुढे चालवणारं पद हवं. सर्पदंश, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), दोडामार्गकडचा माकडताप, बोटीवर दिवसच्या दिवस राहणाऱ्या खलाशांचे आजार, आपल्याकडे विषयांना तोटा नाही.

त्यासाठी डॉक्टरांचे जुने कागद मिळवा. घरच्यांची परवानगी घेऊन दवाखान्यातली रजिस्टरं बघा, कंपाउंडर असतील तर त्यांच्याशी बोला. कुठल्या महिन्यात साप जास्त चावायचे, पेशंट चावल्यावर किती तासांनी पोचायचा, वाटेत काय उपचार झालेले असायचे, हे त्या वह्यांत असेल तर कॉलेजला सोनंच मिळालं. फक्त पेशंटची नावं कुठे बाहेर जाऊ देऊ नका.

आता हिशोब. १ कोटीवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७ लाख येतात, पण सगळे खर्च करायचे नाहीत, ४ लाख वापरा आणि ३ लाख परत निधीत घाला, नाहीतर महागाई दहा-पंधरा वर्षांत त्या अध्यासनाला खाऊन टाकेल. आणि प्राध्यापकाचा वर्षाचा पगार २४ लाख धरला तर याच हिशोबाने ६ कोटी लागतात. घाबरू नका, २५ लाख जमले तरी वर्षाला १ लाख मिळतो, त्यात एक वार्षिक व्याख्यान आणि एका विद्यार्थ्याच्या संशोधनाला मदत आरामात होते, नाव तेच ठेवा आणि निधी वाढला की पुढे अध्यासन करा.

सरकारी कॉलेजात पदं सरकार मंजूर करतं, शिक्षकांच्या बदल्या होतात, त्यामुळे तिथे पगाराच्या भानगडीत पडू नका, संशोधन निधी किंवा व्याख्यान याबद्दल डीनशी बोला. सुवर्णपदक ठेवायचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे चौकशी करा. ट्रस्टच्या कॉलेजात अध्यासन जास्त सोपं पडतं.

मग करारपत्र, आणि इथे शब्द न शब्द वाचा. मुंबईचं केईएमचं कॉलेज १९२६ ला सुरू झालं तेव्हा शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टने पैसे देताना अट घातली की शिकवणारे भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट! देणगीदाराचं खरं काम ते हेच. तुम्हीही असं काहीतरी लिहा: "या पदावरील व्यक्तीने वर्षातून किमान ३० दिवस तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत पेशंट तपासावेत, आणि पद सहा महिन्यांपेक्षा जास्त रिकामं राहिल्यास त्या काळातलं व्याज निधीत जमा व्हावं." नेमणूक मात्र कॉलेजवर सोडा, मंडळाच्या अध्यक्षांचा भाचा तिथे बसवायचा नाही.

चेकसोबत पत्र द्या आणि त्यात ही रक्कम कॉर्पस, म्हणजे कायम निधी, म्हणून आहे असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती साध्या देणगीत जमा होऊन त्याच वर्षी खर्च होऊ शकते. देणगीवरची टॅक्स सवलत (जिला ८०जी म्हणतात) जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते आणि २००० च्या वर रोख दिलेत तर तीही नाही. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक पैसे देणार असतील तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, आहे का ते आधी विचारा, सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

दरवर्षी निधीचा हिशोब आणि त्या प्राध्यापकांनी काय केलं याचा एक पानी अहवाल मंडळाला मिळाला पाहिजे हेही करारात घाला. तो गणपतीच्या आधी मागवा, गणपतीत चाकरमानी गावात असतात, सगळ्यांसमोर वाचून दाखवता येतो, आणि पुढच्या वर्षीची वर्गणीही तिथेच जमते.