मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या गावाची सामाईक जमीन कशी शोधायची

इंदूरात इतिहास किंवा सोशल वर्क करणारी आपली मराठी मुलं विचारत असतात की मेक्सिकोतल्या एखाद्या खेड्यावर प्रोजेक्ट करायचाय पण सुरुवात कुठून करू, तर त्यांच्यासाठी हे. उदाहरण घेऊ आकिलाचं, मिचोआकान राज्यात, पॅसिफिकच्या काठावर.

आधी हे पक्कं करा की गूगल मॅपवर आकिला टाकल्यावर जी रेघ दिसते ती मुनिसिपियोची, म्हणजे कारभाराची, जमीन कोणाची ते तिच्यावरून कळत नाही. महू तहसीलच्या रेघेवरून एखाद्या गावाची चरनोई कुठे संपते ते कळतं का? तसंच. आकिलाच्या पोटात नहुआ ह्या मूळनिवासी लोकांच्या चार कोमुनिदाद, म्हणजे सामाईक जमीन असलेली गावं, आहेत, ओस्तुला, एल कोइरे, पोमारो आणि सान मिगेल आकिला, आणि तुम्हाला हद्द हवीय ती ह्यांची.

त्यासाठी तिथल्या राष्ट्रीय कृषी नोंदणी खात्याची पीएचआयएनए (PHINA) नावाची साइट उघडा, फुकट आहे, राज्य निवडा, मुनिसिपियो निवडा, मग गाव. स्पॅनिश येत नसेल तर ब्राउझरचं ट्रान्सलेट चालू ठेवा. राष्ट्राध्यक्षांचा ठराव कधी झाला, गॅझेटात कधी छापला आणि जमीन प्रत्यक्ष मोजून कधी दिली, ह्या तारखा वेगवेगळ्या उतरवून घ्या, कारण भांडणं बरेचदा त्यांच्या मधल्याच काळात मुरतात. कोमुनिदाद आणि एखीदो एक समजू नका हं, एखीदो म्हणजे मेक्सिकन क्रांतीनंतर सरकारने गावाला दिलेली जमीन, आणि कोमुनिदाद म्हणजे जुन्या वहिवाटीची, जी सरकारने परत केली किंवा नुसती मान्य केली.

आता इतिहास. १८५६ च्या लेर्दो कायद्याने गावांची सामाईक मालकी मोडायला घेतली, १९१५ चा कायदा आणि १९१७ च्या घटनेतलं कलम २७ ह्यांनी ती परत मिळवायचा रस्ता उघडला, १९९२ च्या दुरुस्तीने नवीन वाटप बंद केलं. हे चार टप्पे एका कागदावर लिहा आणि गावाच्या तारखा त्यात बसवा. ओस्तुलाचा ठराव १९६४ चा, तरी ला प्लासिता ह्या शेजारच्या गावाच्या बाजूच्या जमिनीवरून वाद चालूच राहिला, शेवटी २९ जून २००९ ला गावकऱ्यांनी ती स्वतः ताब्यात घेतली आणि तिथे शायाकालान ही वस्ती उभी केली. ह्या लढ्यात गावातली बरीच माणसं मारली गेलीत, म्हणून माझं कळकळीने सांगणं आहे की फक्त सरकारी नकाशा लावून मोकळे होऊ नका, गावाचं स्वतःचं म्हणणंही शोधा, त्यांची निवेदनं नेटवर सापडतात, आणि वादातला पट्टा नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा.

वसाहतकाळातले कागद हवे असतील तर मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिएर्रास नावाचा विभाग आहे, जमिनीचे जुने खटले त्यात आहेत.

किनाऱ्याचं गाव असेल तर समुद्राची बाजू शेवटी बघा. भरतीच्या रेषेपासून साधारण २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा असतो, त्यामुळे कोमुनिदादची रेघ थेट पाण्यात नेऊ नका.