तांत्रिक लिफाफ्यात निविदा बाद झाली, आता हायकोर्ट: नव्यांसाठी कामाच्या गोष्टी

निविदा पहिल्या, म्हणजे पात्रतेच्या कागदांच्या (तांत्रिक) लिफाफ्यातच बाद झाल्याचं पोर्टलवर दिसलं की सगळ्यात आधी दुसरा, दरांचा लिफाफा उघडायची तारीख पाहा. महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर) तांत्रिक निकाल चढल्यावर आर्थिक देकार कधी चार दिवसांनी उघडतात, तर कधी त्याच संध्याकाळी. एकदा दर उघडले, एल-वन (सर्वांत कमी दराचा बोलीदार) ठरला आणि कार्यादेश निघाला, की याचिकेतला निम्मा जीव तिथेच जातो. कंत्राटदाराच्या ऑफिसात टेंडरचं टेबल सांभाळणाऱ्यांनी आणि त्यांच्या ज्युनिअर वकिलांनी खालचं सगळं हे घड्याळ समोर ठेवूनच वाचावं.

त्याच दिवशी पोर्टलवरून जे मिळेल ते उतरवून घ्या: मूळ निविदा सूचना, प्रत्येक शुद्धिपत्रक, प्री-बिड (बोली भरण्याआधीच्या) बैठकीचं इतिवृत्त, बोली सादर केल्याची पोच, आपण चढवलेल्या सगळ्या पीडीएफ आणि तांत्रिक मूल्यमापनाचा गोषवारा. शुद्धिपत्रकांकडे हमखास दुर्लक्ष होतं. मूळ अट एक असते, तिसऱ्या शुद्धिपत्रकात ती बदललेली असते आणि याचिका मात्र जुन्या अटीवर बेतलेली असते. समोरचा सरकारी वकील पहिल्या दोन मिनिटांत ते पान काढतो.

गोषवाऱ्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: "अटींची पूर्तता नाही." लगेच ई-मेलने सविस्तर कारण मागा. केंद्राच्या खरेदीला सामान्य वित्तीय नियम 2017 लागू आहेत. त्यांतल्या नियम 173 नुसार, बोलीदाराने विचारलं तर ती नाकारल्याचं कारण सांगावंच लागतं. राज्याच्या निविदेत तो नियम थेट चालत नाही, तरी कारण मागितल्याचा कागद उपयोगी पडतो. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की आदेशात जी कारणं लिहिली, त्यांवरच तो आदेश उभा राहतो. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून त्याला टेकू देता येत नाही. त्यामुळे खात्याने एकदा कारण लेखी दिलं की ते त्यात अडकतं.

कारण मागण्यासोबत खात्याला फेरविचाराचं निवेदनही द्या. ते एक-दीड पानाचं पुरे. अटीचा क्रमांक, आपल्या फाइलचं नाव, पान क्रमांक, आणि मागणी एकच: आर्थिक लिफाफे उघडण्याआधी फेरविचार करा. भ्रष्टाचाराचे आरोप, "वरपर्यंत जाऊ" असली भाषा त्यात नको. हाच कागद पुढे न्यायमूर्तींसमोर जाणार असतो. जीईएमवर (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर) अशा निवेदनाला 48 तासांची खिडकी मिळते, ती चुकवू नका. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीच्या पारदर्शकता कायद्याच्या कलम 16 खाली 30 दिवसांत अपील करता येतं, राजस्थानात तर मुदत फक्त 10 दिवसांची. कोल्हापूर-सांगलीकडचे जे ठेकेदार बेळगावकडे निविदा भरतात त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण अपिलाची सोय असताना थेट हायकोर्टात रिट याचिका केली तर "आधी तिकडे जा" असं ऐकावं लागतं. महाराष्ट्रात असा स्वतंत्र खरेदी कायदा नाही. इथे उरतं ते राज्यघटनेचं अनुच्छेद 226, म्हणजे हायकोर्टातली रिट याचिका.

आता खरा प्रश्न: केस आहे का? कोर्ट तुमची पात्रता नव्याने मोजत नाही. टाटा सेल्युलर (1994) आणि जगदीश मंडल (2007) या निकालांपासून चौकट ठरलेली आहे. निर्णय कसा घेतला गेला ते तपासायचं. तो मनमानी, दुष्ट हेतूचा किंवा कुठल्याही समंजस अधिकाऱ्याने घेतला नसता असा आहे का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का, एवढंच पाहायचं.

त्यात सगळ्यात भक्कम केस म्हणजे कागद अपलोड केलेला आहे आणि समितीने पाहिलाच नाही. त्याखालोखाल, निविदेत न मागितलेल्या कागदासाठी बाद करणं. महा मिनरल मायनिंगच्या प्रकरणात 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच चुकीचं ठरवलं. तिसरी केस भेदभावाची: तीच उणीव दुसऱ्याची चालवून घेतली. पण त्यासाठी दुसऱ्याचे कागद हातात लागतात. ते माहिती अधिकारातून मागवत बसलात तर तीस दिवस गेले. पोर्टलवर दिसतात तेवढे आधी घ्या, बाकीचे हजर करण्याचे आदेश याचिकेतच मागा.

"ही अट दुय्यम होती" या युक्तिवादावर नव्यांचा फार भरवसा असतो. पोद्दार स्टील (1991) मध्ये स्टेट बँकेच्या ड्राफ्टऐवजी युनियन बँकेचा धनादेश चालला होता, ते खरं. पण सेंट्रल कोलफिल्ड्स (2016) मध्ये बँक गॅरंटी ठरलेल्या नमुन्यात नव्हती म्हणून बोली फेटाळली, आणि ते कोर्टाने योग्य ठरवलं. कुठली अट महत्त्वाची हे मालक (निविदा काढणारं खातं) ठरवतो, असा आजचा कल आहे. अटीच्या अर्थावरून वाद असेल तर वाट आणखी अवघड. नागपूर मेट्रोच्या अ‍ॅफकॉन्स प्रकरणात चीनमधल्या हायस्पीड रेल्वेच्या कामाचा अनुभव मेट्रोच्या कामाचा धरायचा का, हा मुद्दा होता. नागपूर खंडपीठाने बोलीदाराच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली तो फिरवला. निविदा ज्याने लिहिली, त्याने लावलेला अर्थ मानायचा, मग तो कोर्टाला तितकासा पटो न पटो. अट मुळातच जाचक वाटत असेल तर प्री-बिडमध्ये लेखी आक्षेप घ्या आणि बोली भरायच्या मुदतीआधी कोर्टात जा. निमूट भाग घेऊन हरल्यावर अटीविरुद्ध ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

बोली क्षमतेचं गणित नीट दाखवता आलं तर मात्र अर्थाचा वादच उरत नाही. बांधकामाच्या निविदांत सूत्र असतं: अ × न × 2 − ब. 'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या एखाद्या वर्षी केलेलं सर्वाधिक काम, 'न' म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, 'ब' म्हणजे त्याच मुदतीत करायचं हातातलं शिल्लक काम. समजा अ 6 कोटी आणि मुदत 18 महिने, म्हणजे 1.5. मग 6 × 1.5 × 2 = 18 कोटी. कारकुनाने 'ब'मध्ये चालू कामांची पूर्ण 11 कोटींची करार रक्कम टाकली, तर क्षमता उरते 7 कोटी, आणि 8 कोटींच्या कामाला तुम्ही बाद. त्यातलं 5 कोटींचं काम झालेलं आणि बिलं निघालेली असतील तर ब 6 कोटी, क्षमता 12 कोटी, तुम्ही पात्र. पण शिल्लक कामाचा कार्यकारी अभियंत्याचा दाखला बोलीसोबत चढवलेला असेल तरच हे गणित कोर्टात टिकतं. नंतर आणलेला दाखला कितीही खरा असला तरी कोर्ट बाजूला ठेवतं. सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा ओळख क्रमांक) नसणं, जेव्हीच्या (संयुक्त बोलीच्या) मुखत्यारपत्रावर एकाच भागीदाराची सही असणं, हेही याच जातीचे घाव: वेळ गेली की भरून येत नाहीत.

याचिकेत खात्यासोबत निवड झालेल्या बोलीदारालाही प्रतिवादी करा. तो सुटला तर सुनावणी तिथेच अडते. त्याने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकलंय का ते दाखल करतानाच पाहा, नाहीतर नोटीस दिली नाही म्हणून तारीख जाते. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव जोडा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तातडीच्या सर्क्युलेशनच्या (प्रकरण लवकर सुनावणीला घ्या, या) अर्जात लिफाफे उघडण्याची तारीख आणि वेळ लिहा, नुसतं "अत्यंत तातडीचे" नको.

अंतरिम मागणी पायऱ्यांनी लिहा: आधी, आमचा लिफाफा उघडा. ते नाही तर कार्यादेश देऊ नका. तेही नाही तर पुढचं सगळं याचिकेच्या निकालाच्या अधीन ठेवा. पायाभूत कामाला सरसकट स्थगिती मागितलीत तर पायाभूत प्रकल्पाला विलंब लावणारी मनाई नाकारणारं विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 41(ha) आणि एन. जी. प्रोजेक्ट्सचा (2022) निकाल तोंडावर येतात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या रौनक इंटरनॅशनल प्रकरणात तर, स्थगितीमुळे वाढलेल्या खर्चाला ती मागणारा जबाबदार, असं म्हटलं गेलं.

उशिराचं उदाहरण मुंबईचंच आहे. सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्यात (रमणा शेट्टी, 1979) अट पाच वर्षांच्या अनुभवाची होती आणि ती पूर्ण न करणाऱ्याला काम दिलं गेलं. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेला पाळावीच लागेल, हे तत्त्व त्याच निकालातलं. तरीही याचिकाकर्त्याला काही मिळालं नाही, कारण तो पाच महिन्यांहून उशिरा आला आणि ठेकेदाराचा खर्च तोवर होऊन गेला होता.

जिंकलात तरी बहुधा काम हाती पडत नाही. फेरमूल्यमापनाचा आदेश मिळतो. तोवर बोलीची वैधता संपली असेल तर सगळं फुकट, म्हणून मुदतवाढीची संमती न मागता लेखी देऊन ठेवा. ऑनलाइन भरलेली बयाणा रक्कम बाद झाल्यावर आपोआप खात्यात परत येते. ती पुन्हा भरण्याची तयारी याचिकेतच, वेगळ्या परिच्छेदात नोंदवा.