मातेरा कसे पाहावे

दक्षिण इटलीच्या बाझिलिकाता प्रदेशातील मातेरा पाहताना सुरुवात ग्राविना दरीपलीकडच्या मुर्जा पठारावरून करावी. तेथून चुनखडीच्या खडकात कोरलेल्या सास्सी वस्त्यांची उतरंड एका नजरेत सामावते. मग चिविता या जुन्या शहराच्या उंच भागावरील तेराव्या शतकातील कॅथेड्रलपासून सासो कावेओसो वस्तीत उतरावे. १९५२ च्या कायद्याने येथील रहिवाशांना नव्या वसाहतींत हलवण्यात आले आणि १९९३ मध्ये युनेस्कोने याच गुहाघरांना जागतिक वारसा ठरवले, हे ध्यानात ठेवून एखादे जतन केलेले घर आतून पाहावे. पलंगापासून हाताच्या अंतरावर खेचर बांधण्याची जागा दिसेल. व्हित्तोरियो वेनेतो चौकाखालची पालोम्बारो लुंगो ही पाण्याची भव्य टाकी मुळीच चुकवू नये. २ जुलैच्या ब्रूना या मरियममातेच्या उत्सवात जमाव कागदाच्या लगद्याचा रथ मोडून टाकतो, तेव्हा गर्दीपासून दूर उभे राहणेच शहाणपणाचे.