देवघेव, आता मोबाइलवर

पुण्यातल्या एका पेठेतल्या वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसले. निवृत्त झाले तरी जुने सभासद भाजी घेताना, बँकेच्या रांगेत गाठतात. पूर्वी विचारायचे, "ते पुस्तक आलं का हो परत?" आता विचारतात, "मोबाइलवर वाचनालयाचं पुस्तक मिळतं म्हणे, ते कसं?" कुणी मुलांकडे सहा-सहा महिने अमेरिकेत जाऊन राहतं, कुणाला जिना चढवत नाही, कुणाला अक्षरच दिसेनासं झालंय. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात गावातलं सार्वजनिक ग्रंथालय गाठावं. पासपोर्ट आणि मुलीच्या किंवा मुलाच्या घरच्या पत्त्याचा काहीतरी पुरावा बरोबर न्यावा आणि काउंटरवर सरळ विचारावं, की आम्ही काही महिन्यांसाठी आलोय, कार्ड मिळेल का? नियम गावागणिक बदलतात. कार्ड हाती आलं, की फोनवर 'लिबी' नावाचं ॲप घ्यायचं. ते फुकट आहे. त्यात आपलं ग्रंथालय नावानं शोधायचं, कार्डाचा क्रमांक आणि पिन टाकायचा. झालं सभासदत्व. पुस्तकाखाली 'बॉरो' दिसलं तर ते लगेच मिळतं. 'प्लेस होल्ड' दिसलं तर नंबर लावायचा. मुदत ग्रंथालय ठरवतं, साधारण दोन ते तीन आठवडे. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे दंडाची भानगड नाही. घरच्या वायफायवर उतरवून ठेवलं, तर बाहेर नेट नसतानाही वाचता-ऐकता येतं.

नंबर का लावायचा, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. "फाइलच तर आहे, हजार जणांना द्यायला काय जातं?" असं मला एक निवृत्त इंजिनिअर तावातावानं म्हणाले होते. ग्रंथालय बहुतेक पुस्तकांसाठी प्रतींचे परवाने विकत घेतं. तीन प्रती घेतल्या तर एका वेळी तीनच वाचक, चौथ्यानं थांबायचं. आणि हे परवाने बहुधा कायमचे नसतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशनानं २०११ मध्ये नियम केला, की ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला. दोन आठवड्यांची देवघेव धरली तर २६ वेळा म्हणजे एक वर्ष! आमच्याकडचं कापडी बांधणीचं पुस्तक तीस-तीस वर्षं फिरायचं. पुठ्ठा निघाला की बाइंडरकडे जाऊन पुन्हा कपाटात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, की वाचून झालेलं पुस्तक मुदत संपेपर्यंत अडकवून ठेवू नका. 'शेल्फ'वर जाऊन 'मॅनेज लोन' दाबा, तिथे 'रिटर्न अर्ली' आहे. तुमच्यामागे कुणीतरी रोज फोन उघडून आपला नंबर बघत असतं.

आता इथल्यांसाठी. जुनं मराठी वाचायचं असेल तर हाताशी खूप आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं त्या काळचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. अशी जुनी पुस्तकं 'इंटरनेट अर्काइव्ह' या मोफत ऑनलाइन संग्रहात स्कॅन केलेली सापडतात. नाव देवनागरीत टाकून मिळालं नाही, तर रोमन अक्षरांत टाकून बघा. माझा अनुभव असा, की निम्मी पुस्तकं तशीच सापडतात. कॉपीराइट असलेली काही पुस्तकं तिथे तासाभरासाठी उसनी मिळतात. खातं मात्र उघडावं लागतं. प्रकाशकांनी कोर्टात खेचल्यावर अशी पाच लाखांवर पुस्तकं तिथल्या देवघेवीतून काढावी लागली, त्यामुळे पूर्वी दिसलेलं पुस्तक गायब असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, ती जरूर उतरवून घ्या.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते ती हजार-पाचशेची. त्यातल्या शंभर वाचकांना फुकट पीडीएफ मिळाली, तर प्रकाशक पुढचं पुस्तक काढताना दहादा विचार करतो.

शेवटची वाट माझ्या सगळ्यात जवळची. आमच्या एक सभासद, ऐंशीच्या पुढच्या, आठवड्याला दोन पुस्तकं नेणाऱ्या. दृष्टिपटल खराब झालं. मी घरी गेले तेव्हा खिडकीशी बसून पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेलं, आणि ओळ सुटू नये म्हणून खाली पोस्टकार्ड. फोनवर अक्षर मोठं करून दिलं, तर एका पानावर पाचच ओळी मावायला लागल्या. "अगं, वाचण्यापेक्षा पानंच उलटतेय मी," म्हणाल्या.

अशांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' आहे. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय दृष्टिहीन, अंधुक दिसणाऱ्या किंवा शारीरिक अडचणीमुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे, आणि त्यात मराठीही आहे. नोंदणीच्या वेळी आपल्या या अडचणीचा दाखला जोडावा लागतो. तो आधी स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, म्हणजे अर्ज अर्धवट राहत नाही. पुस्तक निवडताना प्रकार बघा. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. फोन सहसा तो वाचून दाखवू शकत नाही. ईपब किंवा डेझी या प्रकारची फाइल असेल तर मजकूर खरा असतो, फोन तो मराठीत बोलून दाखवतो. सुरुवातीला तो आवाज कोरडा वाटतो. वेग थोडा कमी ठेवायचा आणि आधी वाचून झालेलं, आवडतं पुस्तक लावायचं. गोष्ट ओळखीची असली की कान लवकर सरावतो.

त्या बाईंना सरावायला पंधरा दिवस लागले. परवा दुपारी त्यांचा फोन आला. पुस्तक संपलं होतं, आणि दुसरं कसं लावायचं ते त्यांना पुन्हा सांगून हवं होतं. मी सांगत गेले, त्या एकेक पायरी मोठ्यानं म्हणत गेल्या, आणि मधेच म्हणाल्या, "थांब, सुरू झालं," आणि फोन ठेवून दिला.