ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी : उत्पन्नाच्या कागदांची तयारी

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले की घरात आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते आणि कागद आठवतात ते थेट ॲडमिट करताना. हे उलटे व्हायला हवे. रेशन कार्ड आजच कपाटातून बाहेर काढा, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेची, सुरुवात तिथूनच होते. या योजनेत बरीच वर्षे कार्डाचा रंग बघत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, आणि पांढरे असेल तर, काही जिल्ह्यांतले शेतकरी सोडून, योजना मिळत नसे. २०२३ मध्ये सरकारने योजना सगळ्यांसाठी खुली करायचे ठरवले. आता पांढरे कार्डही चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तरी ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कोण विचारतंय’ म्हणून चौकशीच न करणारे अजून भेटतात.

आता कार्डावरची नावे वाचा, एकेक करून. घोडे अडते ते इथेच. सूनबाईंचे नाव लग्नाला चार वर्षे होऊनही माहेरच्या कार्डावर असते. आधारवर ‘सुमन’ आणि रेशनवर ‘सुमनबाई’ असते. पेशंटचेच नाव कार्डावर नसेल तर बाकी कागद कितीही चोख असोत, अडचण होणारच. नाव चढवणे किंवा दुरुस्ती ही पुरवठा कार्यालयाची कामे, आणि ती एका दुपारीत होत नाहीत. आयुष्मान कार्ड, म्हणजे उपचार योजनेचे ओळखपत्र, काढले नसेल तर तेही काढून घ्या. त्याची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आधारवर होते, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, एवढे आधी बघा.

इथवर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज पडत नाही. ती पडते दुसऱ्या दारावर. योजनेत न बसणारा आजार निघाला किंवा रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, नसले, तर धर्मादाय रुग्णालयाचा रस्ता उरतो. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मर्यादा अशी : वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक.

हिशेब सगळ्या घराचा धरायचा, एकट्या पेशंटचा नाही. मुलगा महिन्याला १४ हजार कमावतो आणि आईला २ हजार पेन्शन आहे, तर वर्षाचे १ लाख ९२ हजार झाले. म्हणजे घर निर्धनातून निघून दुर्बल घटकात गेले. फरक मोठा आहे. निर्धनाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या मोफत, आणि औषधांचा खर्च रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून. दुर्बल घटकाला मात्र बिल सवलतीचे असले तरी औषधे आणि इम्प्लांटचा निदान निम्मा खर्च खिशातून जातो. तेवढ्या पैशांची सोय आधीच करून ठेवा. आकडा वाकवून सांगण्याच्या फंदात मात्र पडू नका. पगारपत्रक आणि दाखला जुळले नाहीत की वैद्यकीय समाजसेवक पहिला प्रश्न तोच विचारतात.

दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज करा. सोबत आधार, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा अहवाल. नोकरी असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा. दाखल्यावरची मुदत जरूर बघा, बहुधा ३१ मार्च असते. एप्रिलमध्ये गेल्या वर्षीचा दाखला घेऊन येणारे हमखास परत फिरतात.

हाच दाखला मुख्यमंत्री सहायता निधीलाही लागतो, पण तिथली मर्यादा १ लाख ६० हजारांची आहे. सोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडायचे. आणि अर्ज उपचाराआधी. बिल भरून मग पैसे परत मागायची सोय तिथे नाही.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे काढा. २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अटच नाही, वयाचा पुरावा म्हणून आधार पुरते.

रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल शोधा, बिलिंगची खिडकी नंतर. आणि नुसते ‘रुग्णालय योजनेत आहे का’ विचारू नका, ‘हे ऑपरेशन इथे योजनेतून होईल का’ असे विचारा. योजनेत असलेले रुग्णालय प्रत्येक विभागासाठी असतेच असे नाही. धर्मादाय रुग्णालयात जायचे तर समाजसेवा विभाग गाठा. जिवावर बेतलेला पेशंट असेल तर कागदांसाठी थांबायचे कारण नाही. अशा पेशंटला धर्मादाय रुग्णालयाने लगेच दाखल करून घ्यायचे असते आणि निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नसते. तरीही ‘खाट नाही’ म्हणाले तर तसे लेखी मागा, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव टिपून घ्या आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात त्याच दिवशी तक्रार द्या. योजनेतल्या रुग्णालयाबद्दल गाऱ्हाणे असेल तर १५५३८८ या क्रमांकावर फोन लावा.