मैदानावरची सूर्यमाला: एक सेंटिमीटरला एक लाख किलोमीटर

भिंतीवरच्या तक्त्यात ग्रह एकमेकांना खेटून असतात, म्हणून मुलांना अंतराळातलं रिकामपण कळतच नाही. ते पायांनी कळतं. आठ वर्षांपुढच्या मुलांना हा प्रयोग जमतो.

पुठ्ठ्याचा १४ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य कापा. बुध आणि मंगळ म्हणजे खसखशीचे दाणे, शुक्र आणि पृथ्वी बारीक मोहरी, गुरू गोटी, शनी काबुली चणा, युरेनस-नेपच्यून मिरे. प्रत्येक दाणा पांढऱ्या कार्डावर पारदर्शक टेपने चिकटवा. सुटा ठेवला तर पृथ्वी गवतात हरवणारच.

सूर्यापासून अंतरं मीटरमध्ये: बुध ६, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. शाळेचं मैदान बहुधा गुरूपाशी संपतं. पुढे वर्दळ नसलेला सरळ रस्ता लागतो. पावलांनी मोजू नका, प्रत्येक मुलाचं पाऊल वेगळं. दहा मीटरची सुतळी घ्या. नायलॉनची दोरी ताणते आणि शनीपर्यंत चूक बरीच वाढते.

चंद्र पृथ्वीपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर, त्याच कार्डावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. माणूस तेवढ्यापर्यंतच गेलाय! या मापात प्रकाश सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकतो. एका मुलाला त्या गतीने पृथ्वीकडे निघायला सांगा: आठ मिनिटं वीस सेकंद. बहुतेक मुलं दुसऱ्याच मिनिटाला कंटाळतात.

ग्रह प्रत्यक्षात असे एका ओळीत उभे नसतात, हे मात्र आधीच सांगा. सर्वांत जवळचा तारा? मुंबईपासून साधारण सिंगापूरइतका लांब.