श्वास आत घेतल्याचा क्षण: घशाचा एक्स-रे काढायला शिकताना

एक्स-रे विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना छातीचा एक्स-रे पहिल्या काही आठवड्यांत जमू लागतो आणि हातापायांच्या हाडांचे एक्स-रेही लवकरच हातात बसतात. चिठ्ठीवर ‘सॉफ्ट टिश्यू नेक, लॅटरल’ असे लिहून येणारा, म्हणजे मानेच्या मऊ भागांचा बाजूने काढलेला एक्स-रे मात्र दीर्घकाळ अवघड वाटत राहतो. मी सरकारी रुग्णालयात अठरा वर्षे रेडिओग्राफर म्हणून काम करते आहे, आणि या एका एक्स-रेने मला जितके शिकवले तितके दुसऱ्या कशानेही शिकवलेले नाही. हाड हे जागच्या जागी राहते; इथे मात्र आपल्याला हवा आणि तिच्या कडेचे मऊ मांस टिपायचे असते, आणि या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर, प्रत्येक आवंढ्याबरोबर आपला आकार बदलत असतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. साध्या घसादुखीसाठी, टॉन्सिल सुजल्यावर किंवा सर्दी-खोकल्यात या एक्स-रेचा काहीही उपयोग नाही. तिथे डॉक्टरांनी टॉर्च घेऊन घशात पाहणे आणि गरज वाटल्यास घशातला स्वॅब तपासायला पाठवणे हेच योग्य. घटसर्पाचा राखाडी पडदाही डोळ्यांनी दिसतो आणि त्याची शंका आल्यावर एक्स-रेसाठी वेळ घालवायचा नसतो. एक्स-रेची वेळ येते ती डॉक्टरांच्या नजरेपलीकडे, म्हणजे घशाच्या मागच्या भिंतीत किंवा स्वरयंत्राच्या खाली, काही घडत असल्याची शंका येते तेव्हा: मूल मान वळवू देत नाही, गिळता येत नाही, ताप उतरत नाही, किंवा श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत दहा महिन्यांचे एक बाळ आले. ताप होता, दूध पीत नव्हते आणि अखंड रडत होते. मी घाईत त्याला आईच्या मांडीवर तसेच धरायला सांगून एक्स-रे काढला. फोटोत मणक्यांच्या पुढची मऊ मांसाची पट्टी इतकी जाड दिसत होती की तिथल्या तरुण रेसिडेंट डॉक्टरांनी घशामागे पू झाल्याचे गृहीत धरले आणि सीटी स्कॅनसाठी बाळाला भूल देण्याची तयारी सुरू झाली. फोनवर आलेल्या वरिष्ठ रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला दोनच प्रश्न विचारले: “फोटो काढताना बाळ रडत होतं का? आणि मान पुढे झुकलेली होती का?” दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेच होते. त्यांच्या सांगण्यावरून मी पुन्हा एक्स-रे काढला, या वेळी मान किंचित मागे ठेवून आणि बाळाने श्वास आत ओढला त्या क्षणी. ती जाड पट्टी पूर्ण नाहीशी झाली होती. लहान बाळांच्या घशाची मागची भिंत इतकी सैल असते की श्वास बाहेर टाकताना किंवा मान झुकलेली असताना ती घडी पडून पुढे येते आणि जिथे पू नाही तिथे पू असल्याचा भास निर्माण करते. तो आजार मी माझ्या हातांनी तयार केला होता, हे मला त्या रात्री कळले.

तेव्हापासून मी पद्धत सोडत नाही. मूल शक्यतो बसलेले किंवा आईच्या मांडीवर सरळ असावे, मान किंचित मागे, खांदे खाली ओढलेले. रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत रडणे थांबण्याची वाट पाहत बसण्याची गरज नसते. दोन हुंदक्यांच्या मध्ये मूल खोल श्वास आत ओढते, त्याचा ताल दोन-तीन वेळा नीट पाहायचा आणि बोट बटणावर ठेवून तेवढाच क्षण पकडायचा. खांद्यामुळे कॅसेट, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, मानेपासून दूर राहते आणि चित्र मोठे होते, म्हणून किरण सोडणाऱ्या ट्यूबचे कॅसेटपासूनचे अंतर जमेल तेव्हा 180 सेंटीमीटर ठेवावे. वॉर्डात नेता येणाऱ्या पोर्टेबल यंत्रावर ते जमत नाही, अशा वेळी मोजमाप करताना हे लक्षात असावे. एक्स्पोजरचा वेळ कमीत कमी ठेवावा. क्षेत्र कानापासून छातीच्या वरच्या टोकापर्यंतच बंदिस्त करावे, कारण थायरॉईड या किरणांच्या अगदी वाटेत असते आणि इथे ते झाकून चालत नाही.

रिपोर्ट लिहिणे हे आपले काम नाही, पण फोटो चांगला झाला की नाही हे ओळखण्यासाठी त्यात काय पाहायचे असते ते माहीत असलेच पाहिजे. मी वरून खाली हवेच्या काळ्या पट्टीचा माग काढते. जिभेच्या मुळामागे एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचे झाकण, पातळ पानासारखे दिसले पाहिजे. ते सुजून अंगठ्यासारखे जाड दिसले की त्याला थम्ब साइन म्हणतात. समोरून काढलेल्या फोटोत स्वरतंतूंच्या खाली हवेच्या पट्टीला दोन्ही बाजूंना खांद्यासारखे कोपरे असतात. क्रूप या विषाणूजन्य आजारात ते मावळतात आणि पट्टी पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती होते, हीच स्टीपल साइन. मात्र क्रूप झालेल्या पुष्कळ मुलांमध्ये ती दिसतच नाही, आणि कुत्रा भुंकल्यासारखा खोकला ऐकून निदान झालेले असेल तर एक्स-रे नसला तरी चालते. मणक्यांच्या पुढच्या मऊ पट्टीसाठी सर्वसाधारण मापे अशी धरतात: मानेच्या दुसऱ्या मणक्यासमोर सुमारे 7 मिलीमीटरपर्यंत, सहाव्यासमोर लहान मुलांत 14 आणि प्रौढांत 22 मिलीमीटरपर्यंत. त्यापेक्षा जाडी, मानेची नैसर्गिक कमान नाहीशी होणे, किंवा मांसात हवेचे बुडबुडे, यांतले काहीही दिसले तर मी डॉक्टरांना लगेच फोन करते, रिपोर्टची वाट पाहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एखादे मूल पुढे वाकून, हात टेकवून, हनुवटी पुढे काढून बसले असेल, लाळ गळत असेल, आवाज दबका आणि ताप खूप असेल, तर त्या मुलाने आपल्या खोलीत येऊ नये. हे एपिग्लॉटिस सुजल्याचे लक्षण असू शकते. अशा मुलाला आडवे झोपवले, घाबरवले, किंवा जिभेवर चमचा दाबला तर श्वासमार्ग क्षणात बंद होऊ शकतो. श्वासनलिकेत नळी घालू शकणारे डॉक्टर सोबत नसतील तर चिठ्ठी हातात आली तरी मी मुलाला घेत नाही, आणि त्यासाठी कोणाचा रोष पत्करावा लागला तरी पत्करते. फोटो अगदी आवश्यकच असेल तर यंत्र मुलापर्यंत न्यावे आणि मूल आईच्या कुशीत बसलेलेच असावे. हा आजार मुख्यतः हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूमुळे होत असे. त्याविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट लसीतून 2011 च्या डिसेंबरमध्ये केरळ आणि तमिळनाडूत सरकारी कार्यक्रमात आली आणि पुढे देशभर पोहोचली, त्यामुळे नव्या लोकांनी ही थम्ब साइन कदाचित पुस्तकातच पाहिलेली असेल. म्हणूनच ती ओळखायला अधिक सावध राहावे लागते.

प्रौढांत वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. कित्येक आठवडे मान दुखते, वजन घटते, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि गिळताना अडते, असा रुग्ण घशाच्या तक्रारीने येतो. मणक्यांपुढची पट्टी जाड दिसली की नजर तिथेच थांबते, पण मागच्या मणक्यांकडे आणि त्यांच्यामधल्या फटींकडे नीट पाहावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भेटतो आणि त्याचा थंड पू, म्हणजे लाली-उष्णता न दाखवता हळूहळू होणारा पू, घशामागे साचतो. म्हणून मणके कापले जातील असा फोटो मी कधीच पाठवत नाही. कोकणातल्या रुग्णालयात असताना माशाचा काटा अडकलेले लोकही पुष्कळ येत. काटा रुतून पुढे पू झाल्याचेही पाहिले आहे. सगळे काटे एक्स-रेवर दिसत नाहीत, आणि वय वाढल्यावर स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होऊन काट्यासारख्या दिसतात, हे दोन्ही डॉक्टरांना आठवून दिले तर फायदा होतो.

स्वतःच्या सुरक्षेबद्दल: मुलाला धरण्याचे काम रोज आपण करायचे नसते. आई-वडिलांपैकी एकाने लेड एप्रन, म्हणजे किरण अडवणारा शिशाचा एप्रन, घालून धरावे, आणि आईला गरोदर आहे का हे आधी विचारावे. अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावावा. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने आपल्यासारख्या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही, पण बॅज खुंटीवर टांगून काम केले तर तो आकडा आपला राहतच नाही.

त्या दहा महिन्यांच्या बाळानंतर मी एक सवय लावून घेतली आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही लावली. मानेच्या प्रत्येक फोटोसोबत चिठ्ठीच्या कोपऱ्यात चार शब्दांची नोंद करते: मूल शांत की रडत, श्वास आत की बाहेर, मान सरळ की झुकलेली, बसून की झोपून. रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट अनेकदा दुसऱ्या इमारतीत, हल्ली कधी दुसऱ्या शहरात बसलेले असतात. त्यांना मूल दिसत नाही, आणि ते पाहिलेली एकमेव व्यक्ती त्या खोलीत आपणच असतो.